पियानोवरील विस्तारित मायनर जॅझ कॉर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायनर सेव्हनपर्यंत मजल मारलेल्या, पण कॉर्डच्या नावापुढे नऊ, अकरा किंवा तेरा असा आकडा दिसला की हात आखडता घेणाऱ्या पियानोवादकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. बहुतेक उदाहरणे डी मायनरमधील आहेत, कारण त्यांतील स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच येतात. पेटीवाल्यांच्या भाषेत ही पांढरी दोन. स्वरांची नावे सर्वत्र खालून वर, म्हणजे डावीकडून उजवीकडे, या क्रमाने दिली आहेत.

विस्तारित मायनर कॉर्ड म्हणजे नेमके काय?

साधी मायनर कॉर्ड तीन स्वरांची असते: डी, एफ, ए. तिच्यावर एकाआड एक स्वर रचत गेले की आधी सी येतो आणि मायनर सेव्हन तयार होते. त्यावर ई आला की मायनर नाइन, जी आला की मायनर इलेव्हन आणि बी आला की मायनर थर्टीन. त्यापुढचा स्वर पुन्हा डीच असल्यामुळे मोजणी तेरावर थांबते. आकडे रूटपासून, म्हणजे कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजायचे असतात. नववा स्वर म्हणजे एक सप्तक वर गेलेला दुसरा, अकरावा म्हणजे चौथा आणि तेरावा म्हणजे सहावा. रूटला षड्ज मानले तर कोमल गंधार आणि कोमल निषाद ही मायनर सेव्हनची ओळख ठरते, आणि शुद्ध रिषभ, शुद्ध मध्यम व शुद्ध धैवत हे तिचे तीन विस्तार ठरतात. ज्याला सरगम येते, त्याला ही सगळी मोजणी पाच मिनिटांत पाठ होते.

नववा म्हणजे दुसराच असेल, तर त्याला नऊ कशासाठी म्हणायचे?

नऊ, अकरा किंवा तेरा हा आकडा लिहिला असेल, तर त्याखालचा सातवा स्वर कॉर्डमध्ये आहे असे गृहीत धरले जाते. सातवा नसताना नुसता ई मिळवला, तर ती ॲड नाइन. सातव्याऐवजी बी घेतला, तर ती मायनर सिक्स. आणि एफ काढून त्याच्या जागी ई किंवा जी ठेवला, तर ती सस्पेंडेड कॉर्ड, जिला मायनर किंवा मेजर म्हणताच येत नाही. स्वर जवळजवळ तेच असले तरी या कॉर्ड्सची कामे वेगवेगळी आहेत, आणि मायनर सिक्सचा प्रश्न तर पुढे स्वतंत्रपणे येणारच आहे.

लीड शीटवर, म्हणजे गाण्याची सुरावट आणि कॉर्डची नावे एवढेच लिहिलेल्या कागदावर, या कॉर्ड्स वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेल्या का दिसतात?

लेखनाची एकच सर्वमान्य पद्धत रूढ झालेली नाही, एवढेच त्याचे कारण आहे. रूटपुढे लहान एम, एमआयएन ही तीन अक्षरे किंवा आडवी रेघ, या तिन्हींचा अर्थ मायनर असाच होतो. छोट्या त्रिकोणाचा अर्थ मेजर सेव्हन, आणि तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळाचा अर्थ हाफ डिमिनिश्ड. लीड शीटमध्ये नुसते डी मायनर सेव्हन लिहिलेले असले, तरी जॅझवादक त्यात नववा किंवा अकरावा स्वर आपल्या मर्जीने मिळवतो. लिहिलेला आकडा ही तेवढेच वाजवण्याची आज्ञा नसते. तो कॉर्डच्या जातीचा निर्देश असतो. उलटपक्षी थर्टीन लिहिले म्हणून सातही स्वर वाजवलेच पाहिजेत, असेही नाही.

मग सहा-सात स्वरांपैकी कोणते ठेवायचे आणि कोणते सोडायचे?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. नवशिका वादक स्वर कसे मिळवायचे ते शिकतो. पण या कॉर्ड्स खऱ्या अर्थाने वाजू लागतात त्या स्वर सोडता आल्यावर.

तिसरा आणि सातवा, म्हणजे डी मायनरसाठी एफ आणि सी, हे दोन स्वर सहसा सोडायचे नसतात. तिसरा स्वर कॉर्ड मायनर आहे हे सांगतो, आणि सातवा पुढच्या कॉर्डकडे जाण्याची वाट दाखवतो. सर्वांत आधी सोडण्याजोगा स्वर पाचवा, म्हणजे ए. रूटच्या तारेतून निघणाऱ्या उपस्वरांमध्ये तो तिसऱ्या क्रमांकावर असतोच, त्यामुळे तो न वाजवल्याची उणीव कानाला फारशी भासत नाही. साथीला बेसवादक असेल तर रूटही सोडता येतो, कारण तो स्वर बेसच्या ताब्यात असतो आणि तुम्ही त्याच जागी बोट ठेवले तर दोघांचीही गर्दी होते. पाचवा आणि रूट गेले की एफ, सी आणि एक-दोन विस्तार, असे तीन-चार स्वर उरतात, आणि ते एका हातात मावतात.

रूट काढल्यावर एफ, ए, सी, ई एवढेच उरते. ती तर एफ मेजर सेव्हन झाली ना?

कागदावर ती एफ मेजर सेव्हनच आहे. डी मायनर नाइनमधून डी काढला की नेमकी तीच उरते. फरक पडतो तो खालच्या स्वराने: बेसने डी वाजवला की तेच चार स्वर तिसरा, पाचवा, सातवा आणि नववा होतात. घरी एकटे वाजवताना याची खात्री करून घ्यावी. उजव्या हाताने एफ, ए, सी, ई धरून ठेवावे आणि डाव्या करंगळीने खाली आधी एफ व मग डी वाजवावा. वरचे काहीही न बदलता संपूर्ण रंग बदललेला ऐकू येतो.

यातून एक उपयुक्त सूत्र निघते. कोणत्याही मायनर नाइनसाठी रूटच्या तीन अर्धस्वर वरची मेजर सेव्हन वाजवावी. सी मायनर नाइनसाठी ई फ्लॅट मेजर सेव्हन, जी मायनर नाइनसाठी बी फ्लॅट मेजर सेव्हन. सुरुवातीला हे सूत्र फार कामाला येते. मात्र पुढे त्याच्या कुबड्या सोडून प्रत्येक स्वराचे रूटशी असलेले नाते ओळखता आले पाहिजे, नाहीतर एखादा स्वर बदलायची वेळ आली की गोंधळ उडतो.

डाव्या हाताच्या रूटलेस, म्हणजे रूट सोडलेल्या, मांडण्या कोणत्या, आणि त्या पुढच्या कॉर्डकडे कशा नेतात?

मांडण्या मुख्यतः दोन आहेत. पहिली तिसऱ्या स्वरापासून सुरू होते: एफ, ए, सी, ई. दुसरी सातव्यापासून सुरू होते: सी, ई, एफ, ए. स्वर तेच, फक्त वरची जोडी खाली आली आहे. दोन्हींमध्ये करंगळी, मधले बोट, तर्जनी आणि अंगठा अशी बोटे सोयीची पडतात. बिल एव्हान्स आणि विंटन केली यांच्या पिढीतील पियानोवादकांच्या डाव्या हातात या मांडण्या सतत ऐकू येतात, आणि आजही जॅझ पियानोच्या शिक्षणात त्यांना मुळाक्षरांचे स्थान आहे.

त्यांची खरी गंमत एकेकटी वाजवून कळत नाही. जॅझमध्ये मायनर सेव्हन सर्वाधिक वेळा येते ती सी मेजरसारख्या स्केलच्या दुसऱ्या स्वरावर, आणि तिच्या पाठोपाठ पाचव्या व पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड्स येतात: डी मायनर, जी, सी. पहिली मांडणी धरून ही साखळी वाजवून पाहावी. डी मायनर नाइनसाठी एफ, ए, सी, ई. तिच्यातला फक्त सी एक अर्धस्वर खाली आणून बी केला की एफ, ए, बी, ई ही जी थर्टीन झाली. बाकी तीन बोटे जागची हललीदेखील नाहीत. तिथून बी तसाच ठेवून बाकीची तीन बोटे शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर उतरवली की ई, जी, बी, डी ही सी मेजर नाइन. दुसऱ्या मांडणीतही हेच घडते: सी, ई, एफ, ए, मग बी, ई, एफ, ए, मग बी, डी, ई, जी.

हात पट्ट्यांवर उड्या मारत असेल तर कुठेतरी चुकते आहे, असे खुशाल समजावे. एका कॉर्डचा सातवा स्वर पुढच्या कॉर्डच्या तिसऱ्यावर अलगद उतरणे, हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे.

साथीला बेस नसताना, घरी एकट्याने, काय वाजवावे?

तेव्हा रूट सोडून चालत नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. मधल्या सीच्या खालचा डी आणि त्यावरचा ए डाव्या हातात घ्यावेत, आणि उजव्या हातात एफ, ए, सी, ई ठेवावे. ही भरदार मायनर नाइन झाली. आता उजव्या हातातला ए एक पट्टी खाली, जी वर आणावा. एफ, जी, सी, ई अशी मांडणी झाली आणि नाइनची इलेव्हन झाली. डाव्या हातात ए असल्यामुळे पाचवा स्वरही शाबूत राहतो. माझ्या मते इलेव्हनची ओळख करून घेण्याचा यापेक्षा सोपा मार्ग नाही.

गाणे चालते असेल आणि कॉर्ड्स भराभर बदलत असतील, तर डाव्या हातात फक्त दोन स्वर ठेवावेत. डी मायनरसाठी डी व सी, जी साठी जी व बी, सीसाठी सी व बी. याला शेल म्हणतात. विस्तार उजव्या हाताच्या चालीत आपोआप येत राहतात.

खालच्या सप्तकात या कॉर्ड्स गढूळ का वाजतात?

कारण ध्वनिशास्त्रीय आहे. मधल्या सीची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २६२ आणि त्यावरच्या ई फ्लॅटची ३११ असते. दोन्हींत ४९ चा फरक असल्यामुळे कान त्यांना वेगळे ओळखतो. हीच जोडी दोन सप्तके खाली नेली तर कंपनसंख्या ६५ आणि ७८ होतात. त्यांतला १२-१३ कंपनांचा फरक कानाला दोन स्वर म्हणून स्वच्छ जाणवत नाही, तर घरघर म्हणून जाणवतो, आणि त्यांचे उपस्वरही एकमेकांत अडकतात. म्हणून खाली मोठी अंतरे ठेवावीत, म्हणजे सप्तक, पंचम किंवा सातवा, आणि जवळजवळचे स्वर मधल्या सीच्या आसपास ठेवावेत. रूटलेस मांडणीतला सर्वांत खालचा स्वर मधल्या सीखालच्या ई फ्लॅटच्या फार खाली जाऊ देऊ नये. जायला लागला तर दुसरी मांडणी घ्यावी. याच कारणासाठी दोन मांडण्या लागतात.

मेजर कॉर्डमध्ये अकरावा स्वर टाळायला सांगतात, मग मायनरमध्ये तो इतका गोड कसा लागतो?

हा प्रश्न विचारणाऱ्याचे कान चांगले आहेत. सी मेजरमध्ये तिसरा स्वर ई आणि अकरावा एफ. खालच्या ईपासून वरच्या एफपर्यंतचे अंतर १३ अर्धस्वरांचे होते, आणि सप्तकाहून एका अर्धस्वराने मोठे असलेले हे अंतर जॅझच्या कानाला सर्वांत जास्त खुपते. त्यात भर म्हणजे एफ हा असा स्वर आहे की तो वाजला की कान ईचीच वाट पाहू लागतो. कॉर्ड स्थिर असल्याची भावना नाहीशी होते. सी मायनरमध्ये मात्र तिसरा स्वर ई फ्लॅटवर उतरलेला असतो. ई फ्लॅट ते वरचा एफ हे अंतर १४ अर्धस्वरांचे, म्हणजे सप्तक अधिक एक पूर्ण स्वर. टोचणारी कड जाऊन तिथे मोकळी हवा येते. त्यामुळे मायनरमध्ये अकरावा स्वर जवळजवळ कुठेही चालतो, अगदी तिसऱ्याला चिकटून घेतला तरी.

सो व्हॉट कॉर्ड असे ज्याला म्हणतात, ते काय आहे?

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ मधील 'काइंड ऑफ ब्लू' या ध्वनिमुद्रिकेतल्या 'सो व्हॉट' या पहिल्याच रचनेवरून हे नाव पडले. त्यात बेसवर पॉल चेंबर्स धून मांडतात आणि तिच्या प्रत्येक ओळीला दोन कॉर्ड्सचे उत्तर येते. पियानोवर बिल एव्हान्स आहेत. त्या दोन कॉर्ड्स अशा: ई, ए, डी, जी, बी आणि मग डी, जी, सी, एफ, ए. खालून तीन वेळा शुद्ध मध्यमाचे अंतर आणि सर्वांत वर मेजर थर्ड, म्हणजे षड्ज ते शुद्ध गंधार एवढे अंतर, असा त्यांचा एकच साचा आहे. दुसरी कॉर्ड ही डी मायनर इलेव्हनच आहे, फक्त तिच्यात नववा स्वर नाही. डाव्या हातात डी आणि जी, उजव्यात सी, एफ आणि ए घेतले की हात सहज बसतो.

एक मजेची गोष्ट अशी की दोन्ही कॉर्ड्सचे स्वर एकत्र केले तर सातही पांढरे स्वर मिळतात. म्हणजे पहिल्या कॉर्डमधले ई आणि बी हे डी मायनरचे नववा आणि तेरावा स्वरच आहेत. ३२ मात्राखंडांच्या त्या रचनेत पहिले १६ आणि शेवटचे ८ खंड डी डोरियनमध्ये, म्हणजे डीपासून डीपर्यंतच्या पांढऱ्या स्वरांच्या स्केलमध्ये, आहेत, आणि मधले ८ खंड अर्धस्वर वर, ई फ्लॅट डोरियनमध्ये. कॉर्ड इतका वेळ बदलत नसल्यामुळे हा साचा वर-खाली सरकवत राहिले तरी बिघडत नाही. उलट त्या सरकण्यातच चाल आहे. १९६० च्या दशकात सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीत पियानोवादक मकॉय टायनर यांनी मध्यमाच्या अंतरांनी रचलेल्या कॉर्ड्सचा हा मार्ग कितीतरी पुढे नेला.

केनी बॅरन व्हॉइसिंग म्हणजे काय, आणि लहान हाताने ते वाजवता येते का?

पियानोवादक केनी बॅरन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही मायनर इलेव्हनची मांडणी पंचमांवर उभी आहे. डाव्या हातात डी, ए, ई. उजव्या हातात एफ, सी, जी. प्रत्येक हातात दोन पंचम, आणि दोन अंगठ्यांच्या मध्ये ई आणि एफ यांचा अर्धस्वर. तो अर्धस्वर एकटा वाजवला तर कर्कश वाटतो, पण दोन्ही बाजूंच्या पंचमांमध्ये तो असा काही विरघळतो की सगळी कॉर्ड आतून उजळल्यासारखी भासते. सहाही स्वर वेगळे आहेत, एकही दुहेरी नाही.

प्रत्येक हाताला सप्तकाहून एक पट्टी जास्त, म्हणजे नऊ पट्ट्यांचे अंतर गाठावे लागते. हात लहान असेल तर पेडल दाबून डावा हात खालून वर किंचित पसरत वाजवावा; मंद गाण्यात ते खुलूनही दिसते. हात ताणून दुखवून घेऊ नये. द्रुत लयीत ही मांडणी तशीही जड पडते, त्यामुळे गाण्याचा आरंभ, शेवट आणि लांब थांबे यांसाठीच ती राखून ठेवावी, असे माझे मत आहे.

तेरावा स्वर शुद्ध घ्यायचा की कोमल?

याचे उत्तर ती कॉर्ड तिथे कोणत्या कामासाठी आली आहे, यावर अवलंबून आहे, आणि विस्तारित मायनरमधील बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

कॉर्ड एकाच जागी बराच वेळ थांबलेली असेल, जशी ती 'सो व्हॉट'मध्ये आहे, तर डी मायनरवर शुद्ध तेरावा, म्हणजे बी, खुशाल घ्यावा. डोरियन स्केल आणि आपला काफी थाट यांचे स्वर एकच आहेत: गंधार व निषाद कोमल, बाकी शुद्ध. बी हा त्यातला धैवत.

तीच डी मायनर जर जी आणि सीकडे निघालेली असेल, तर बी शक्यतो टाळावा. बी हा जी सेव्हनचा तिसरा स्वर आहे. तो आधीच वाजवला की खालच्या एफशी त्याचा तणाव तयार होतो, जी सेव्हन येण्याआधीच आल्यासारखी वाटते आणि सीवरून बीवर उतरण्याची सगळी मौज हातातून जाते. येणाऱ्या पाहुण्याचे नाव दार उघडण्यापूर्वीच सांगून टाकावे, तसे ते होते.

ए मायनर जेव्हा सी मेजरच्या सहाव्या स्वरावर येते, तेव्हा तेरावा स्वर एफ, म्हणजे कोमल पडतो. तो पाचव्या स्वराशी, ईशी, तेच खुपणारे १३ अर्धस्वरांचे अंतर करतो, म्हणून कॉर्डमध्ये न घेता सुरावटीत घ्यावा. तिसऱ्या स्वरावरच्या ई मायनरची गोष्ट आणखी अवघड आहे. तिथे नववा स्वरसुद्धा एफ, म्हणजे कोमल येतो. मायनर सेव्हन दिसली की डोळे मिटून नववा लावण्याची सवय इथे तोंडघशी पाडते. अशा जागी नववा सोडून अकरावा, म्हणजे ए घ्यावा. तो निर्धोक आहे.

गाणे मायनरमध्येच संपत असेल तर शेवटची कॉर्ड मायनर सेव्हन असावी का?

असू शकते, पण तिच्यात प्रवास संपल्याची भावना कमी असते, कारण कोमल सातवा स्वर कानाला पुढे ढकलत राहतो. घरी परतलेल्या मायनरसाठी जॅझवादक मायनर सिक्स, मायनर सिक्स-नाइन किंवा मायनर मेजर सेव्हन वापरतात. सी मायनर सिक्स म्हणजे सी, ई फ्लॅट, जी, ए. तिच्यात डी मिळवला की सिक्स-नाइन. मायनर मेजर सेव्हनमध्ये गंधार कोमल पण निषाद शुद्ध असतो: सी, ई फ्लॅट, जी, बी. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती चुकीची वाटते. ज्याच्या कानात पटदीप आहे, त्याला मात्र ती ओळखीची वाटेल. त्या रागात फक्त गंधार कोमल आणि बाकी सगळे स्वर शुद्ध असतात, आणि मेलडिक मायनरच्या आरोही रूपाचेही स्वर हेच आहेत.

या कॉर्ड्स एकापुढे एक ठेवण्याची एक जुनी चाल आहे. ई फ्लॅट आणि जी धरून ठेवायचे आणि तिसरा आवाज सीवरून बी, बी फ्लॅट, ए असा एकेक अर्धस्वर उतरवायचा. रिचर्ड रॉजर्स यांच्या १९३७ मधील 'माय फनी व्हॅलेंटाइन' या गाण्याची सुरुवात अशीच होते.

डाव्या हातातील एक योगायोग इथे नोंदवण्यासारखा आहे. एफ, ए, बी, ई हे चार स्वर आपण वर जी थर्टीन म्हणून वाजवले. खाली डी ठेवला तर तेच चार स्वर डी मायनर सिक्स-नाइन होतात. एकच पकड दोन घरची चाकरी करते.

हाफ डिमिनिश्ड हीसुद्धा मायनर कॉर्डच आहे का?

तिला मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह असेही म्हणतात, त्यामुळे तिची गणना याच कुळात होते. डी, एफ, ए फ्लॅट, सी. सी मायनरकडे नेणाऱ्या साखळीत ती पहिली येते. डाव्या हातात एफ, ए फ्लॅट, सी, डी घ्यावे; सी उतरवून बी केला की एफ, ए फ्लॅट, बी, डी ही जी सेव्हन फ्लॅट नाइन; आणि डी जागच्या जागी ठेवून बाकीचे तीन स्वर एकेक पूर्ण किंवा अर्धस्वर उतरवले की ई फ्लॅट, जी, ए, डी ही सी मायनर सिक्स-नाइन. हिच्यावरचा नववा स्वर शुद्ध घ्यावा की कोमल, यावर वादकांत मतभेद आहेत. नवख्याने त्यात न पडता अकरावा, म्हणजे जी घ्यावा.

पेटी किंवा राग शिकलेल्या माणसाला याचा फायदा होतो की अडचण?

दोन्ही होते. कानाची तयारी, स्वरांची नावे आणि कोमल-शुद्धाचा भेद हे सगळे आयते मिळते. काफी, आसावरी आणि भैरवी हे तीन थाट ऐकून ओळखणाऱ्याला डोरियन, एओलियन आणि फ्रिजियन ही स्केल्स वेगळी शिकावी लागत नाहीत. विष्णु नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांची मांडणी ज्याने समजून घेतली आहे, त्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.

अडचण षड्जाची आहे. आपल्या संगीतात सा हलत नाही. जॅझमध्ये प्रत्येक कॉर्डचा रूट वेगळा असतो, पण गाण्याचा सा मात्र बहुधा एकच असतो. डी मायनर, जी, सी या साखळीत कॉर्डमधले आकडे मोजताना डीला तात्पुरता सा मानावा, पण सुरावट सुचताना मनातला सा सी वरच राहू द्यावा. दोन सा सांभाळण्याची ही सवय लागायला काही महिने लागतात. दुसरी अडचण डाव्या हाताची: पेटीवर तो आयुष्यभर भाता चालवत आलेला असतो, त्याला अचानक चार वेगळे स्वर धरायला सांगितले की तो बिचकतो. सुरुवातीचे काही आठवडे रोजच्या वेळेतला निम्मा भाग एकट्या डाव्या हाताला द्यावा.

बाराही पट्ट्यांत, म्हणजे बाराही स्वरांना सा मानून, सराव कसा करावा?

साखळीलाच पुढे जाऊ द्यावे. सी मेजर नाइन, म्हणजे ई, जी, बी, डी, हातात असताना ई आणि बी अर्धस्वर उतरवावेत; ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट, डी ही सी मायनर नाइन झाली. आता तिथून एफ थर्टीन आणि बी फ्लॅट मेजर नाइन. मग बी फ्लॅट मायनर नाइन. असे पूर्ण स्वराने उतरत गेले की सहा पट्ट्या होतात, आणि दुसरी फेरी बी मेजरकडे नेणाऱ्या साखळीपासून सुरू केली की उरलेल्या सहा. हात फार खाली जाऊ लागला की पहिल्या मांडणीवरून दुसरीवर यावे. बी फ्लॅट मायनर नाइनसाठी ए फ्लॅट, सी, डी फ्लॅट, एफ ही मांडणी मधल्या सीच्या भोवती व्यवस्थित बसते. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर ठेवून त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असे मानावे. एका दिवशी दोनच पट्ट्या, पण न अडखळता, हा माझा आग्रह आहे.

पाच सप्तकांच्या, ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे जमेल का?

जमेल, वर दिलेली प्रत्येक मांडणी त्यात मावते. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. कीबोर्डवरची स्वयंचलित साथ बंद करावी, कारण डाव्या हातात एफ, ए, सी, ई दिसले की ती रूट म्हणून एफ वाजवण्याची शक्यता असते आणि तुमच्या डी मायनरचा निकाल लागतो. सस्टेन पेडल वेगळे घ्यावे लागले तरी घ्यावे, आणि कॉर्ड बदलताना नवी कॉर्ड वाजताक्षणी पाय उचलून पुन्हा दाबावा. पाय आधी उचलला तर मध्ये खंड पडतो. उशिरा उचलला तर डी मायनरमधला सी जी थर्टीनमधल्या बीवर घासत राहतो.